बाजरीवरचा अरगट आणि अर्धशिशीची गोळी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वहिनीला अर्धशिशीचा जुना त्रास. परवा नव्या डॉक्टरांनी अर्गोटामिन-कॅफिनची गोळी लिहून दिली, डोकं ठणकायला लागलं की लगेच घ्यायची. अर्गोटामिन अरगट बुरशीतून येतं हे मी वाचून दाखवलं आणि दादा उखडलाच. बाजरी करणारा माणूस तो. फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसावर गुलाबट चिकट थेंब येतात, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ टाकून त्यात बी बुडवायचं आणि तरंगलेलं जाळून टाकायचं, हे तो दरवर्षी करतो. "जाळायचं ते हिला खायला घालायचं?"

तेव्हापासून पाकीट कपाटावर आहे. हे विष तेच का? आणि असेल तर औषध कसं? घशासाठी तिला क्लॅरिथ्रोमायसिनही चालू आहे, त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद, खलबत्ता:
शेवटच्या प्रश्नाचं आधी. पाकीट कपाटावरच राहू द्या! ही दोन औषधं एकत्र चालतच नाहीत. अर्गोटामिनचा निचरा यकृतात होतो, तो क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. मग ते रक्तात साठतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बोटं गार, बधीर, निळसर पडतात, गँगरीनपर्यंत जाऊ शकतं. आजच डॉक्टरांना फोन करून दोन्ही नावं सांगा. बीपी, हृदयविकार किंवा दिवस गेले असतील तर तेही.

आता दादांचं. बुरशी चुलत घराण्यातली, तीच नव्हे. बाजरीवरच्या अरगटात अर्गोटामिन नसतं, त्यातली विषं वेगळी. त्यांनी मळमळ, उलट्या, गरगरणं, गुंगी येते. अर्गोटामिन राय या धान्यावरच्या अरगटातलं. मध्ययुगात युरोपात तसल्या रायचा पाव खाऊन लोकांचे हातपाय काळे पडून झडत, 'संत अँथनीचा अग्नी' म्हणत त्याला. १९१८ साली बासेलला सांडोझ कंपनीत आर्थर स्टॉल यांनी अर्गोटामिन वेगळं काढलं, तेव्हा कुठे मात्रा मोजून देता येऊ लागली. रक्तवाहिन्या आवळण्याचा तोच गुण अर्धशिशीत कामी येतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात ते मेथिलअर्गोमेट्रिनही याच कुळातलं, ते गर्भाशय आवळतं.

प्रतिसाद, मीनाताई_६१:
पुढे कधी सुरू झालीच तर सांगितल्यापेक्षा एकही जास्त नको. वरचेवर घेतली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, मी भोगलंय.

धागाकर्ता:
फोन केला. ही गोळी रद्द, उद्या दुसरी लिहून देणार आहेत. गोळी रायवरची आहे हे दादाला सांगितलं, तरी पाकीट त्याने खाली काढू दिलेलं नाही.