आईवडिलांच्या घराचा विमा कोणी काढलाय का? अनुभव लिहा

कृष्णाकाठची

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४५), तेव्हा खालच्या मजल्यावरचं काही म्हणजे काही उरलं नाही. २०२१ च्या जुलैत परत तेच. बाबा आता ऐंशीच्या पुढे, आई पंचाहत्तरीची. स्कूटरचा विमा एक दिवस चुकू न देणारे बाबा घराच्या विम्याचं नाव काढलं की म्हणतात, "दगडी घर आहे, कुठं जातंय?" घर जात नाही हो, पण आतला संसार जातो, आणि तो त्यांनी दोनदा जाताना बघितलाय.

भावानं आणि मी ठरवलंय की विमा काढायचाच, हप्ता आम्ही भरू. पण पॉलिसी कोणाच्या नावावर? घराची किंमत कशी धरायची? पूरभाग म्हटल्यावर नाही म्हणतात का? ज्यांनी स्वतःच्या आईवडिलांसाठी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. एजंट मंडळींनी कृपया नंबर टाकू नयेत.

निवृत्त विमेकरी

आयुष्य सर्वसाधारण विमा कंपनीत गेलं, त्यामुळे आधी चार गोष्टी स्पष्ट करतो.

हप्ता कोणीही भरा, पॉलिसी मालकाच्या नावावर. घर बाबांच्या नावावर असेल तर विमा बाबांचा. मुलानं हौसेनं स्वतःच्या नावावर काढला की क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न येतो, "तुमचा या घराशी काय संबंध?"

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी ठेवावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे, पुरासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. घराची रक्कम म्हणजे बाजारभाव नव्हे. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. जमीन वाहून जात नाही, तिचा विमाही नसतो. गावभागातल्या जागेचा भाव सांगून रक्कम फुगवू नका, हप्ता उगाच वाढेल. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, कमाल १० लाख. त्याहून जास्त हवं असेल तर यादी द्यायची.

जुन्या पॉलिसीत एक वाईट कलम असायचं. ४० लाखांच्या घराचा विमा २० लाखांचा असेल तर नुकसानही निम्मंच मिळायचं. नव्यात ते काढून टाकलंय. लोकांना हे माहीत नसतं आणि सांगणारेही सांगत नाहीत.

आणि हो, चोरी यात नाही. पूर, आग वगैरे घटनेनंतर ७ दिवसांच्या आत त्या घरात चोरी झाली तरच मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्या.

वाशिष्ठीच्या काठी

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला मी मुंबईत आणि आईअण्णा पोटमाळ्यावर. विमा होता, नुकताच नव्यानं झालेला, म्हणून क्लेमबद्दल लिहिते. काढायचं कसं हे सगळे सांगतात, पाणी ओसरल्यावर काय करायचं ते फारसं कोणी सांगत नाही.

चिखल इतका होता की दारं उघडत नव्हती. येईल तो माणूस म्हणतो, आधी साफ करा, रोगराई होईल. बरोबरच आहे. पण सर्व्हेअर (नुकसान बघायला कंपनी पाठवते तो माणूस) रस्ता सुरू झाल्याशिवाय यायचा नाही आणि तोवर फ्रिज, घरघंटी, कपाट सगळं चौकात कचऱ्याच्या ढिगात गेलेलं असतं. शेजारच्या मुलानं फोनवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिजच्या मागचा नंबराचा स्टिकर, मीटरचा बोर्ड. मगच फावडी लागली. कंपनीला ईमेल मी मुंबईहून त्याच दिवशी केला. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत सरकारी मदतीसाठी घेतली होती, तीही सर्व्हेअरला चालली.

बिलं मात्र नव्हती. अण्णांनी फ्रिजचं बिल जपून ठेवलेलं, पण खालच्या ट्रंकेत! बँकेच्या स्टेटमेंटवरून काही सापडलं, बाकी अंदाजावर. इमारतीच्या दुरुस्तीचे पैसे चांगले मिळाले, गवंड्याचं आणि वायरमनचं अंदाजपत्रक लेटरहेडवर लागलं. सामानात बरीच कापाकापी झाली. आता सगळी बिलं, पॉलिसी, घरपट्टीची पावती आम्हा दोघी बहिणींच्या फोनमध्ये आहेत.

एक गोष्ट राहिलीच. सर्व्हेअरशी अण्णा बोलले आणि "फार काही नाही झालं, देवाची कृपा" असं सांगून मोकळे झाले. आमच्या पिढीतलं कुणीतरी तिथं हजर हवं.

एडिसनवाला

वरचं शेवटचं वाक्य वाचून हसलो. आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. मी न्यू जर्सीत, बाबा नाशिकला. ऑनलाइन फॉर्म मी भरला, पण जानेवारी २०२३ पासून नव्या पॉलिसीला केवायसी सक्तीची, आणि आधारचा ओटीपी जाणार बाबांच्या फोनवर. गेली काही वर्षं मीच त्यांना बजावतोय की ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. त्यांनी मलाही सांगितला नाही. "तू तूच आहेस कशावरून? आजकाल आवाजसुद्धा करतात म्हणे." शेवटी व्हिडिओ कॉल, शेजारचे जोशीकाका साक्षीला.

काम झालं, पण माझा ईमेल आणि त्यांचा मोबाइल असा जोड दिला. नूतनीकरणाची आठवण मला येते, फोन त्यांना येतात. ज्यांना जमेल त्यांनी असंच करा, नाहीतर पॉलिसी कधी संपली हे कुणालाच कळत नाही. दहा वर्षांपर्यंत एकदम काढता येते, आम्ही तशीच काढली. मुदत लांब असेल तर इमारतीची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्याचा जादा हप्ता नाही.

ठाणे पूर्व

फ्लॅट असेल तर आधी सोसायटीत विचारा. उपविधींप्रमाणे इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीनं काढायचा असतो. आमच्या सेक्रेटरींनी आधी "आहे, आहे" म्हटलं. प्रत मागितल्यावर तारीख उलटलेली निघाली. आता नवीन झालाय. तो फक्त इमारतीचा असतो, आईच्या फ्लॅटमधल्या सामानाचा वेगळा काढावा लागला. शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्याच नावावर होतं, ते जाऊन वर्ष होत आलेलं. विमा कंपनीनं त्यावरच बोट ठेवलं. आधी सोसायटीत नाव लावून घेतलं, मग विमा. त्यात जो वेळ गेला तो गेलाच.

श्रीवर्धन, सध्या पनवेल

आमचं गाडं नावावरच अडलंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं पत्त्यांसारखी उडाली, वाडीतली सुपारीची झाडं आडवी झाली. गृहविमा घराचा असतो, वाडीचा नाही, हे तेव्हाच कळलं. नंतर विमा काढायला गेलो तर घरपट्टी अजून आजोबांच्या नावानं! वारस म्हणून बाबा, मोठे काका, धाकटे काका आणि एक आत्या. राहतात फक्त आईबाबा. बाबांचं म्हणणं, "मी विमा काढला तर भावाला वाटेल घर बळकावतोय." आत्या तयार आहे, धाकटे काका बघू म्हणतात. मोठ्या काकांच्या घरात सध्या वेगळंच चालू आहे, त्यांच्याकडे कागद घेऊन जायची ही वेळ नाही. तोपर्यंत आईच्या नावानं फक्त सामानाचा काढलाय. तिचं सामान आहे हे तरी कुणी नाकारत नाही.

निवृत्त विमेकरी

बरं केलंत. वारसनोंद झाली की इमारतीचा सर्वांच्या संयुक्त नावानं काढा. विम्यानं मालकी बदलत नाही, हे काकांना नीट समजावून सांगा.

पाटल्या बिलवर

दागिने! मौल्यवान वस्तूंचा विमा ऐच्छिक आहे, त्यासाठी यादी आणि सराफाकडून मूल्यांकन लागतं. आई यादी द्यायला तयार नव्हती, कारण ती यादी सुनांनी बघितली असती. कंपनीला सांगेन, घरात नाही! मग बहुतेक दागिने लॉकरमध्ये आणि घरात रोजच्या वापराचे, असा तोडगा निघाला. लॉकरच्या बाबतीतही बँकेची जबाबदारी अमर्याद नसते. आग, चोरी, कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं अडीच हजार असेल तर अडीच लाख. आईच्या पाटल्याच त्याहून जास्त भरतील.

सदाशिव पेठेतून

वर चोरीचं आलंय म्हणून. आईवडील हिवाळ्यात मुलांकडे जाऊन राहतात आणि घर बंद असतं. घरफोडीच्या संरक्षणात घर किती दिवस सलग बंद चालतं ते वाचून घ्या. आमच्या पॉलिसीत ३० दिवस होते, आईबाबा बंगळुरूला त्याहून जास्त राहतात. जाताना कंपनीला लेखी कळवायला सुरुवात केली.

गळतीग्रस्त

माझा अनुभव नकाराचा. सासूबाईंच्या घरात वरच्या टाकीचा पाइप फुटला, छताचं प्लास्टर आणि दिवाणखान्यातलं लाकूडकाम गेलं. टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान पॉलिसीत आहे. कंपनीनं लिहिलं, ही जुनी गळती, झिजेमुळे झालेलं नुकसान, मिळणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, भांडत बसू नका." मला मात्र प्लंबरनं कापून काढलेला पाइप दिसत होता, सरळ चीर गेलेला.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते. अर्ज सासूबाईंच्या सहीनं केला, सुनावणीला त्यांच्या अधिकारपत्रावर नवरा गेला. प्लंबरचं लेखी आणि त्या पाइपचा फोटो कामी आला. लाकूडकामाचे पैसे मिळाले, छताचे अर्धेच.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. विमेकरी काका, चटई क्षेत्राचा हिशोब भावानं काल केला, बाबांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा खूपच कमी रक्कम आली, म्हणून तेच आता आम्हाला हप्ता किती ते विचारतायत. एक शंका राहिली. खालच्या मजल्यावर पुढच्या बाजूला बाबांच्या मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे, भाड्यानं. ते फॉर्ममध्ये दाखवायचं ना?

निवृत्त विमेकरी

दाखवायचंच. लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील. दुकानाच्या भागाला आणि मालाला वेगळी पॉलिसी लागेल. दुकानदाराला त्याच्या मशीनचा विमा त्यानंच काढायला सांगा.