मदत हवी आहे : अकूस्टिक गिटार पटकन ट्यून करायला काय घ्यावं?

सहातारी :
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. अकूस्टिक गिटार आहे, मोबाईलवरच्या अ‍ॅपने ट्यून करते आणि आता वैताग आलाय. आजूबाजूला कुणी बोललं की काटा इकडेतिकडे पळतो, आणि सहाच्या सहा तारा हिरव्या दाखवल्या तरी वाजवायला बसलं की जुळत नाही म्हणजे नाहीच, मग परत पहिल्यापासून सगळं. क्लिपवाला ट्यूनर घेऊ की दुसरं काही चांगलं आहे? पाचशेच्या आत बसवायचंय आणि रविवारच्या आत हातात पाहिजे. कानाने लाव असं प्लीज सांगू नका, तेवढा वेळ नसतो.

कडक_चहा :
क्लिपवालाच घे. अ‍ॅप माईकमधून ऐकतं म्हणून पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही सगळं त्यात घुसतं. क्लिपवाला खुंट्यांच्या बाजूला चिमट्यासारखा लावायचा, तो लाकडाची थरथर पकडतो, त्यामुळे शेजारी कुणी गप्पा मारल्या तरी फरक पडत नाही. बटणासारखा सेल लागतो, सीआर २०३२, एक जास्तीचा केसमध्ये टाकून ठेव कारण ऐन वेळी तोच संपतो. ऑनलाइन मागवू नको, मेन रोडला दुकानात जाऊन हातात घेऊन बघ, स्प्रिंग घट्ट आहे का आणि उजेडात आकडे दिसतात का. विषय संपला.

पाय_टॅप :
क्लिपवाले ठीक आहेत पण एकदा पेडल ट्यूनर वापरला की माणूस मागे वळून बघत नाही. स्टेजवर अंधार असला तरी दिसतो, पाय दाबला की आवाज बंद, लोकांना टंग टंग ऐकावं लागत नाही. थोडे पैसे जास्त जातील पण आयुष्यभराची वस्तू आहे. मी तर सगळ्यांना हेच सांगतो.

सहातारी :
पेडलची वायर लावायला जॅकच नाहीये गिटारला. साधी अकूस्टिक आहे, पिकअप (तारांचा आवाज पकडून वायरमधून पाठवणारा भाग) वगैरे काही नाही. आणि पाचशेचं बजेट लिहिलंय वर.

पाय_टॅप :
मग पिकअप बसवून घ्या ना, साउंडहोलमध्ये अडकवायचा मिळतो, तोडफोड करावी लागत नाही. पुढेमागे लागणारच आहे.

सिडकोकर :
अहो त्यांनी पिकअप विचारलाय का? ताई, आधी हे सांगा, तारा कधी बदलल्या, कॅपो (पडद्यावर तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा) लावता का, आणि जुळत नाही म्हणजे नक्की कशाशी जुळत नाही? एक तार दुसरीशी जुळत नाही की अजून काही? कारण अ‍ॅप हिरवं दाखवत असेल तर नवा ट्यूनर पण तेच दाखवणार, पैसे घालवून परत इथेच याल.

सहातारी :
तारा गुरुवारी नव्या टाकल्यात, बाराच्या गेजच्या (जाडीच्या). कॅपो असतो बऱ्याच गाण्यांना. एकटी वाजवते तेव्हा छान वाजते, बाकीच्यांबरोबर बसलं की जुळत नाही. पण माझा प्रश्न कुठला ट्यूनर सोयीचा हा आहे, बाकी मी बघते.

सिडकोकर :
बाकीचे म्हणजे कोण? त्यावरच सगळं आहे.

सहातारी :
सोसायटीची दिवाळी पहाट आहे, इंदिरानगरला. पेटी, तबला, दोन गाणाऱ्या काकू आणि मी. पहाटे साडेपाचला खाली पार्किंगसमोर मोकळ्यावर मांडव.

पांढरी_चार :
पेटी आहे हे पहिल्याच ओळीत सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. मी वडिलांच्या मागे बसून पेटी शिकलो, अजून भजनाला वाजवतो, त्यामुळे खात्रीने सांगतो. तुमचा ट्यूनर आणि तुमचा कान दोन्ही बरोबर आहेत. अ‍ॅप गिटार लावतं ती ए हा सूर म्हणजे ४४० हर्ट्झ धरून. पेटी तशी असेलच असं नाही. आपल्याकडे पेट्या बऱ्याचदा किंचित चढ्या लावलेल्या असतात, वर रीडवर (आतल्या सूर देणाऱ्या पितळी जिभांवर) धूळ बसते, मध्ये कुणीतरी दुरुस्तीत रीड घासलेलं असतं, टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन पेट्या शेजारी ठेवून एकच पट्टी वाजवली तरी घरघर ऐकू येते. आणि ऐन बैठकीत पेटी काही ट्यून करता येत नाही, तबला पेटीला लावतात, गाणारे पेटीला धरून गातात, मग गिटारनेही पेटीकडेच जायला हवं.

करायचं एवढंच. तालमीला गेलात की अ‍ॅप उघडा, पेटीवाल्यांना मधल्या सप्तकातली पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) दाबून धरायला सांगा, म्हणजे तुमचा ए. भाता एकसारखा चालवायला सांगा आणि एकच स्टॉप (पेटीच्या पुढची खेचायची खुंटी) उघडा, नाहीतर आकडा हलतो. अ‍ॅपमध्ये जो हर्ट्झचा आकडा येईल, ४४३ म्हणा, ४४५ म्हणा, तो लिहून घ्या. नंतर ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० च्या जागी तो आकडा टाका आणि गिटार लावा. म्हणून क्लिपवाला घेताना एकच गोष्ट बघायची, त्याच्यावर ए चा आकडा बदलायचं बटण आहे का. अगदी स्वस्तातल्या काहींना ते नसतं, असल्यांना हात लावू नका.

तानपुरा_आधी :
हे सगळं आकड्यांचं लोढणं कशाला गळ्यात बांधायचं? पेटीचा सा घ्या, एक तार त्याला मिळवा, बाकीच्या तारा त्या तारेवरून कानाने. शे-दोनशे वर्षं लोक असेच लावत आलेत. मुळात पेटीलाच सूर लावता येत नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) नाहीत, आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं ते उगाच नाही.

पांढरी_चार :
आणि ती बंदी १९७१ पासून उठायला लागली हेही लिहा की. ज्या गोविंदराव टेंब्यांच्या पेटीसाठी लोक नाटकांना आणि मैफलींना जायचे त्यांच्या वाद्याला असं बोलू नये. ताईंना दिवाळी पहाट वाजवायची आहे, श्रुतींवर परिसंवाद घ्यायचा नाहीये.

लॉगॅरिदम :
कानाने लावण्याबद्दल. गिटारवर त्याचा एक खरा प्रॉब्लेम आहे. जी आणि बी या दोन तारांमध्ये मोठ्या गंधाराचं अंतर आहे. कानाला गोड वाटणारा गंधार ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) येतो आणि गिटारचे पडदे बसवलेत ४०० सेंट धरून. म्हणजे बी ची तार कानाला गोड लागेपर्यंत लावलीत की ती १४ सेंट उतरलेली असते, तिथे जी कॉर्ड सुंदर लागेल पण दुसरी कॉर्ड धरली की तीच तार बोचायला लागेल. लोक मग बी ला शिव्या देतात. पाचव्या आणि सातव्या पडद्यावरचे हार्मोनिक्स (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले सूर) जुळवून लावणारे पण आहेत, त्यात प्रत्येक तारेला २ सेंट घसरतात, जाड ई पासून जी पर्यंत पोचेतो ६ सेंट गेलेले. ट्यूनरवर हे होत नाही कारण प्रत्येक तार स्वतंत्र मोजली जाते. राहता राहिला ४४० चा प्रश्न, तो आकडा १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला आणि आयएसओ १६ या आंतरराष्ट्रीय मानकात १९७५ साली पक्का झाला, पेटीवर तो पाळायची सक्ती कुणालाच नाही. त्यामुळे पांढरी_चार यांचं म्हणणं बरोबर आहे.

तानपुरा_आधी :
सेंट मोजून संगीत होत नसतं. जवारी लागलेला (तार घोडीवर गुंजेल असा लावलेला) तानपुरा एकदा शांतपणे ऐका, मग बोला. गंधार तिथे आपोआप ऐकू येतो, कुणी वाजवत नाही तरी.

लॉगॅरिदम :
तानपुऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. त्यावर पडदे नाहीत आणि कॉर्ड धरायची नसते म्हणूनच ते जमतं. गिटारवर नाही जमत.

लाकूडकाम :
कुणीच नव्या ताराकडे बघत नाहीये. गुरुवारी टाकलेल्या तारा आहेत, त्या अजून ताणल्या जातायत, ट्यूनर सोन्याचा आणला तरी दहा मिनिटांत उतरणार. असं करा. तार लावा, मग बाराव्या पडद्याजवळ बोटात धरून गिटारपासून हळूच बाहेर ओढा, दोन-तीन ठिकाणी ओढा, परत ट्यून करा, परत ओढा. ओढल्यावर काटा हलायचा थांबला की तार बसली. खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवायचे, एकावर एक चढलेले नकोत, खाली खाली उतरत गेले पाहिजेत.

दुसरं, सूर कायम खालून वर आणायचा. तार चढली असेल तर नुसती सैल करून सोडून द्यायची नाही, गरजेपेक्षा थोडी खाली न्यायची आणि तिथून वर चढवत थांबायचं, नाहीतर खुंटीच्या दात्यातली फट राहते आणि पहिल्याच स्ट्रमला तार घसरते. खुंटी फिरवताना टिक असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या (खुंट्यांजवळच्या पट्टीच्या) खाचेत अडकतेय, खाचेत शिसपेन्सिल घासा, ग्राफाइटने मोकळी होते. बाराच्या सेटचा सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, त्यामुळे या बारीकसारीक गोष्टी लगेच जाणवतात.

सिडकोकर :
आणि कॅपो. कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, दाबून लावला की जास्तच. कॅपो पडद्याला अगदी चिकटून लावा, आणि लावल्यावर त्याच जागी परत एकदा तपासा. ट्यूनर क्रोमॅटिक (बाराही सूर ओळखणाऱ्या) मोडवर पाहिजे, गिटार मोडवर ठेवला तर कॅपोच्या पुढचे सूर तो ओळखतच नाही नीट.

गोदामाई :
जरा वेगळं लिहिते. पहाटे मोकळ्यावर आहे म्हणताय ना, दिवाळीत साडेपाचला नाशकात चांगलाच गारवा असतो, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला आम्ही शाल घेऊन बसतो. मुलगा गिटार वाजवतो, गेल्या वर्षी घरातून ट्यून करून नेली आणि तिथे सगळ्या तारा चढलेल्या. तेव्हापासून आम्ही लवकर नेऊन ठेवतो. आणि साउंडवाल्याला सांगा की गिटारला वेगळा माईक द्या, सोसायट्यांमध्ये सगळा आवाज गाणाऱ्यांना देतात आणि वाजवणारी मुलं दिसतात फक्त.

लाकूडकाम :
बरोबर आहे. थंडीत स्टील आकसतं, तार चढते. उन्हात किंवा हॅलोजनजवळ ठेवली की उलटं, उतरते. केसमधून काढून अर्धा तास तिथल्याच हवेत राहू द्या, मग शेवटचं ट्यूनिंग.

कडक_चहा :
साउंडवरून आठवलं, गेल्या वर्षी आमच्या इथे पेटीला तीन माईक लावले होते आणि तबला ऐकूच येत नव्हता. कुणाकडे चांगल्या साउंडवाल्याचा अनुभव आहे का गंगापूर रोड साईडला? वेगळा धागा काढू का?

सिडकोकर :
काढा, इथे नको.

भाता_दुरुस्ती :
मला वाटतं सगळे फांद्या छाटताय, मूळ तसंच आहे. पेटी चढी असेल तर पेटी ट्यून करून ४४० ला आणा. एकदा खर्च होईल पण नंतर गिटार, कीबोर्ड, बासरी, ट्रॅक लावून गायचं असेल तर ट्रॅक, सगळं जुळेल. कीबोर्डवाला आला की तोही ओरडणारच आहे.

पांढरी_चार :
तुमचं बरोबर आहे आणि मीही माझी पेटी तशीच करून घेतली. पण सगळी रीडं काढून एकेक घासून मिळवायचं काम आहे, दिवाळीच्या तोंडावर कुणी घेणार नाही आणि घेतलं तर घाईत करेल, त्यात रीड जाड-बारीक झालं की गेलं. शिवाय पेटी ताईंची नाही. दिवाळीनंतर बघतील ज्यांची आहे ते. आत्ता गिटारने हलायचं, तिला दोन मिनिटं लागतात.

सहातारी :
काल तालमीत केलं. एक स्टॉप, पांढरी सहा, ४४५ दाखवलं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आकडा बदलता येतो हे इतके दिवस दिसलंच नव्हतं, कुठेतरी तीन टिंबांच्या आत होतं. ४४५ टाकून लावली आणि पेटीबरोबर पहिल्यांदा एकच सूर ऐकू आला, गाणाऱ्या काकूंनी लगेच मान वळवून बघितलं. तारा ओढून घेतल्या त्याही आता थांबल्यात. क्लिपवाला पण घेतला, आकडा बदलायचं बटण असलेला, बजेटमध्ये बसला. लॉगॅरिदम, ४४० आणि ४४५ मध्ये कितीसा फरक असतो पण? ऐकायला एवढा वाईट का वाटत होता?

लॉगॅरिदम :
जवळजवळ २० सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा भाग. दोन वाद्यं एकच सूर धरून थांबली तर ए वर सेकंदाला पाच वेळा आवाज कमीजास्त होतो, ती घरघर कानाला लगेच टोचते. एकट्या गिटारवर तो फरक कळणारच नाही.

पांढरी_चार :
छान झालं. आता एकच सांगा, गाणी कुठल्या पट्टीत आहेत? बायकांचे आवाज आहेत म्हणजे काळी चार-काळी पाच असणार.

सहातारी :
दोन काळी चार, बाकी सगळी काळी पाच. काळी पाचला मी बॅर कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरते, हात दुखतो.

पांढरी_चार :
कशाला? काळी चार म्हणजे जी शार्प. कॅपो पहिल्या पडद्यावर, जी च्या कॉर्ड धरा. काळी पाच म्हणजे ए शार्प, कॅपो तिसऱ्यावर, परत जी च्याच कॉर्ड. एकही बॅर नाही. काळी चारची दोन्ही गाणी सुरुवातीलाच लागोपाठ ठेवायला सांगा म्हणजे कॅपो एकदाच हलेल, आणि हलवल्यावर पेटीवाल्यांना एक सूर धरायला सांगून तपासून घ्या, तोपर्यंत निवेदन करणाऱ्यांना बोलू द्या.

नवीन_सदस्य :
मला पण हाच प्रश्न आहे पण युकुलेलेसाठी. क्लिपवाला चालेल का, आणि सूर कुठले लावायचे? अ‍ॅपमध्ये गिटारचेच दाखवतंय.

कडक_चहा :
चालेल. क्रोमॅटिकवर ठेवा किंवा युकुलेलेचा मोड असेल तर तो. वरून खाली जी, सी, ई, ए. पहिली जी बारीक असते, सी पेक्षा वरची, ती गिटारसारखी जाड सुरात न्यायला जाऊ नका.