नेल्सनची बढती: कर्तृत्व की आजोळ?

दर्यावर्दी (धागाकर्ता): ब्रिटिश नौसेनानी होरेशिओ नेल्सन म्हणजे स्वतःच्या हिमतीवर मोठा झालेला गरीब पाद्र्याचा मुलगा, हे चित्र मला मान्य नाही. वडील एडमंड हे नॉरफोकमधील बर्नहॅम थॉर्प गावचे धर्मोपदेशक होते हे खरे. परंतु आई कॅथरिन सकलिंग ही पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या बहिणीची नात होती, आणि तिचा भाऊ मॉरिस आरमारात कप्तान होता. १७७१ मध्ये बारा वर्षांचा भाचा याच मामाच्या जहाजावर रुजू झाला. पुढे मामा आरमाराच्या कारभाराचा प्रमुख, म्हणजे कंट्रोलर झाला, आणि एप्रिल १७७७ मध्ये भाच्याने लेफ्टनंटपदाची परीक्षा दिली तेव्हा परीक्षकांत स्वतः बसला. वयाची अट वीस वर्षांची होती. अठरा वर्षांच्या नेल्सनचे वय प्रमाणपत्रावर विसाहून अधिक लिहिले गेले. याला वशिला नाही तर काय म्हणावे?

शिडाची_दोरी: वशिला होता, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. परीक्षेपूर्वी हा मुलगा १७७३ च्या उत्तर ध्रुवीय मोहिमेवर जाऊन आला होता, आणि ‘सीहॉर्स’ जहाजावरून पूर्वेकडे आल्यावर मुंबईहून १७७६ मध्ये मरणाच्या दारातून, आजारी अवस्थेत मायदेशी परतला होता. याच मामाचा दुसरा भाचा, नेल्सनचा थोरला भाऊ मॉरिस, आरमाराच्या कचेरीत कारकुनी करीत राहिला. शिवाय मामा १७७८ मध्ये वारला, आणि नेल्सनला पूर्ण कप्तानपद मिळाले १७७९ च्या जूनमध्ये.

दर्यावर्दी: ते ज्यांनी दिले त्या ॲडमिरल पीटर पार्कर यांनी नेल्सनला आपल्या ध्वजनौकेवर घेतले, ते मामाचा शब्द चालत होता त्याच काळात. आणि वयाच्या विसाव्या वर्षी कप्तान होण्याचे मोल साधे नव्हते: पूर्ण कप्तान झाल्यानंतर ॲडमिरलपदापर्यंतची वाट केवळ ज्येष्ठतेने चढावी लागे, म्हणून लवकर कप्तान झालेला माणूस अडतिसाव्या वर्षी रिअर ॲडमिरल होऊ शकला. शेतमजुराचा मुलगा, दर्यासंशोधक जेम्स कुक लेफ्टनंट झाला तेव्हा त्याचे वय एकोणचाळीस होते.

शिडाची_दोरी: कुकची तुलना गैरलागू आहे, कोळसा वाहणाऱ्या व्यापारी जहाजांवर वर्षे काढून तो आरमारात आलाच मुळी सव्विसाव्या वर्षी.

दर्यावर्दी: माझा मुद्दा नेमका तोच आहे. बाराव्या वर्षी त्याला जहाजावर घेणारा मामा नव्हता.

जुनी_वही: दोघेही कुटुंबाने नेल्सनला काय दिले एवढेच मोजत आहात. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन मारला गेल्यानंतर अर्ल ही सरदारकीची पदवी आणि वर्षाला ५,००० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले ते भाऊ विल्यमला, ज्याची आरमारी सेवा काही काळ जहाजावर पाद्री म्हणून राहण्यापुरती होती. आपल्या ज्या मुलीला, होरेशियाला, नेल्सनने मृत्युपूर्व लेखात देशाच्या हवाली केले होते, तिला सरकारने काहीही दिले नाही.