एस्टिमेट ७५ टक्क्यांच्या वर, तरी सर्व्हेअर टोटल लॉस धरत नाही

होटगीरोडकर
मोहोळच्या पुढं मेव्हण्याची गाडी रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून बसली. पेट्रोल, १२०० सीसी, ३ वर्षं ४ महिने जुनी. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ५,६०,०००, झिरो डेप (पार्टवर घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नाही. वर्कशॉपचं एस्टिमेट ४,८५,००० निघालंय. ५,६०,०००चे ७५ टक्के ४,२०,००० होतात, म्हणजे टोटल लॉस (दुरुस्तीऐवजी पूर्ण आयडीव्ही) व्हायला पाहिजे ना? सर्व्हेअर (विमा कंपनीनं नुकसान तपासायला नेमलेला माणूस) म्हणतो, रिपेअर करा. कर्ज ३,१०,००० बाकी आहे.

जुना_पुणे_नाका
गाडी टोटल लॉसमध्ये बसली की आयडीव्ही मिळतेच, झिरो डेप असो नसो. तो मुद्दा सोडा आणि ७५ टक्क्यांवर अडून बसा.

क्लेमवाला_१३
वरचं अर्धंच बरोबर आहे. मिळणाऱ्या रकमेला झिरो डेपचा फरक पडत नाही, पण टोटल लॉसमध्ये बसते की नाही हे ठरवताना पडतो. पॉलिसीची ओळ नीट वाचा: दुरुस्तीचा खर्च 'पॉलिसीच्या अटी-शर्तींना धरून' ७५ टक्क्यांच्या वर गेला पाहिजे. सर्व्हेअर याचा अर्थ लावतो, घसारा वजा करून. तीन ते चार वर्षांच्या गाडीला लोखंडी पार्टवर २५ टक्के, प्लास्टिक-रबर-बॅटरी-टायर-एअरबॅगवर ५० टक्के, काचेला शून्य.

समजा पत्रा-लोखंड २,२०,०००, प्लास्टिक वगैरे १,१०,०००, काच २५,००० आणि मजुरी-रंगकाम १,३०,०००. लोखंडावर ५५,००० गेले, प्लास्टिकवर ५५,००० गेले. उरले ३,७५,०००. (रंगाच्या मटेरिअलवरही घसारा लागतो, तो इथं सोडलाय.) ४,२०,०००च्या खाली आले, झालं रिपेअर. वरचे १,१०,००० मेव्हण्याच्या खिशातून. तेच झिरो डेप असती तर ४,८५,००० जसेच्या तसे धरले असते.

म्हणून सर्व्हेअरशी भांडण्यापेक्षा एस्टिमेट पुरं आहे का ते बघा. बाहेरून बघून केलेलं एस्टिमेट हमखास अपुरं असतं. गाडी खोलायला सांगा आणि खोलल्यावर सर्व्हेअरला लेखी कळवून परत बोलवा. एअरबॅग फुटल्या असतील तर नुसत्या बॅगा बदलून भागत नाही. एअरबॅगचं मॉड्यूल, झटक्यात ओढले गेलेले सीटबेल्ट, फाटलेला डॅशबोर्ड हे सगळं लिस्टमध्ये यायला पाहिजे. चेसिस लेग (सांगाड्याचा पुढचा दांडा) वाकलाय का, हे नजरेनं ठरवू देऊ नका, बेंचवर (सांगाडा मोजायच्या मशीनवर) माप घेऊन त्याची प्रिंट मागा. तुम्हाला ४५,००० कमी पडतात. एअरबॅगसारखे ५० टक्केवाले ९०,०००हून जास्तीचे पार्ट वाढले की आकडा ओलांडतो. पण नसलेला पार्ट घुसडायला वर्कशॉपला सांगू नका. सर्व्हेअर पार्ट हातात घेऊन बघतो, आणि एक खोटा सापडला की बाकीच्या खऱ्यांवरही शंका घेतो.

होटगीरोडकर
गाडी खोलायला लावतो. बसली टोटल लॉसमध्ये, तर हातात किती येतील? कंपनीचा माणूस म्हणाला, आता बाजारभाव कमी झालाय.

क्लेमवाला_१३
बाजारभावाचा संबंध नाही. टोटल लॉसला पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव धरतात, पुढं घसारा लावत नाहीत. १५०० सीसीपर्यंत कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम) १,००० वजा, म्हणजे ५,५९,०००. आधी बँकेचं कर्ज भागणार, उरलेले मेव्हण्याला. क्लेम होईपर्यंत हप्ते चुकवू नका. व्याज थांबत नाही आणि सिबिलला डाग लागतो तो वेगळाच.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी
खरी गोम सॅल्व्हेजमध्ये (मोडलेल्या गाडीच्या किमतीत) आहे. कंपनी म्हणेल, गाडी तुम्हीच ठेवा, सॅल्व्हेज १,६०,००० धरू, तुम्हाला ३,९९,००० देऊ. हे १,६०,००० ऑनलाइन बोलीतले असतात, बोली लावणारा कुठल्या तरी लांबच्या गावचा. सही केल्यावर तो फिरकलाच नाही आणि इथल्या भंगारवाल्यानं १,२०,०००च दिले, तर ४०,००० तुमचे गेले. म्हणून सही करण्याआधी सर्वांत वरच्या बोलीवाल्याचं नाव, रक्कम आणि बोली कधीपर्यंत धरलीय ते लेखी घ्या. गाडी उचलण्याआधी पैसे खात्यात आले पाहिजेत. ते जमत नसेल तर सरळ सांगा, सॅल्व्हेज कंपनीनं ठेवावं.

आरसीचंही (गाडीच्या नोंदणीचंही) विचारा. आरसी रद्द करून दिली तर बोली बरीच खाली येते. आरसीसकट दिली तर मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देऊ नका, सोलापुरात विजापूर रोडच्या आरटीओत ट्रान्स्फर होईपर्यंत पाठपुरावा करा. नाहीतर दुरुस्त करून रस्त्यावर आलेल्या त्या गाडीनं कुणाला उडवलं, तर नोटीस मेव्हण्याच्या नावानं येते. गाडी कायमची बाद झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

क्लेमवाला_१३
बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) आत्ताच मागून ठेवा, फाईल तिथंच अडते. सर्व्हे रिपोर्टची प्रत कंपनीकडं ईमेलवर मागा. वर्कशॉप पार्किंगचं भाडं लावतं का, रोजचं किती, तेही विचारा. टोटल लॉस ठरल्यावर ते कोण भरणार हे कंपनीकडून लिहून घ्या.

कंपनी अडलीच तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्याभरात उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही.

होटगीरोडकर
धन्यवाद. दोन किल्ल्यांपैकी एकच आहे, चालेल?

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी
अपघाताला चालतं, कारण लिहून द्या. चोरीचा क्लेम मात्र दुसऱ्या किल्लीवरूनच अडतो. आणि काचेवरचा फास्टॅग बंद करून घ्या, तो लोक विसरतात.