रेजेक्सचं डॉक्युमेंटेशन जुनं पडू नये म्हणून काय करायचं?

लिंटर_आणि_लेखणी:
टीमच्या अंतर्गत डॉक्युमेंटेशनमध्ये रेजेक्सवर (मजकुरात नमुने शोधणाऱ्या पॅटर्नवर) एक लांबलचक पान आहे. बॅकएंड पायथन ३.१२ वर, फ्रंटएंड जावास्क्रिप्टमध्ये आणि लॉग चाळणारी सेवा गो मध्ये आहे. पान मात्र सगळ्यांसाठी एकच. त्यात अशी वाक्यं आहेत: ‘बॅकस्लॅश-डी म्हणजे शून्य ते नऊ’, ‘डॉलर म्हणजे स्ट्रिंगचा शेवट’, ‘जावास्क्रिप्टमध्ये लुकबिहाइंड चालत नाही’ (लुकबिहाइंड म्हणजे जुळणीच्या आधीचा मजकूर तपासणं). उदाहरणांखालचं आउटपुट हातानं टाइप केलेलं आहे. पान नव्यानं लिहायला हरकत नाही, पण वर्षभरानं ते परत चुकीचं होऊ नये यासाठी रचना कशी ठेवावी?

इंजिनघर:
आधी एक नियम करा: इंजिनचं (रेजेक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव आणि व्हर्जन नसेल तर ते वाक्य पानावर राहणार नाही. तुम्ही दिलेली तिन्ही वाक्यं याच कारणानं फसवी आहेत.

बॅकस्लॅश-डी: पायथन ३ मध्ये पॅटर्न साधी स्ट्रिंग असेल तर यूनिकोडमधले सगळे दशमान अंक जुळतात, म्हणजे ‘२०२४’ असं देवनागरीत लिहिलेलं सालही. इंट फंक्शनही ते निमूटपणे आकड्यात बदलतं, त्यामुळे बॅकएंडवर काहीच बिघडत नाही. तीच स्ट्रिंग जावास्क्रिप्टकडे गेली की नापास होते, कारण तिथे यू फ्लॅग लावला तरी फक्त इंग्रजी अंक धरतात. गो मध्येही तसंच. पायथनमध्ये इंग्रजी अंकच हवे असतील तर आस्की फ्लॅग द्या किंवा चौकोनी कंसात रेंज लिहा. डॉक्युमेंटेशनसाठी रेंज बरी, ती तिन्हीकडे एकाच अर्थानं वाचली जाते.

डॉलर: पायथनमध्ये तो शेवटच्या न्यूलाइनच्या आधीही जुळतो, म्हणून मागे न्यूलाइन चिकटलेली किंमत व्हॅलिडेशनमधून पार होते. जावास्क्रिप्ट आणि गो मध्ये मल्टिलाइन फ्लॅग नसताना तसं होत नाही. पायथनसाठी फुलमॅच (अख्खी स्ट्रिंग जुळवणारं फंक्शन) सुचवा. बॅकस्लॅश-कॅपिटल-झेड सुचवायचं असेल तर सांभाळून: पायथनमध्ये त्याचा अर्थ अगदी शेवट, तर पर्ल, पीसीआरई (पर्लच्या धर्तीची रेजेक्स लायब्ररी) आणि जावामध्ये शेवटच्या न्यूलाइनच्या आधीचीही जागा. दुसऱ्या इंजिनचा तक्ता उचलून आणला की नेमकं इथे चुकतं.

लुकबिहाइंड: जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या स्टँडर्डमध्ये आला. सफारीत मात्र २०२३ मध्ये, १६.४ पासून. त्याआधीच्या सफारीत लिटरल लिहिलेला असा पॅटर्न पार्स होतानाच सिंटॅक्स एरर देतो आणि अख्खी फाइल चालत नाही. हे परिणामासकट लिहा. गो बद्दल ‘अजून सपोर्ट नाही’ असं लिहू नका. तिथे लुकअराउंड (मागेपुढे डोकावून तपासणं) आणि बॅकरेफरन्स (आधी जुळलेला भाग पुन्हा मागणं) जाणूनबुजून ठेवलेले नाहीत, कारण इनपुटच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ लागेल ही हमी द्यायची आहे.

चाचणीपेटी:
हातानं टाइप केलेलं आउटपुट हे खरं दुखणं आहे. पायथनचं डॉकटेस्ट (उदाहरणं चालवून आउटपुट ताडून पाहणारं साधन) मार्कडाउन फाइलवरही थेट चालतं, ते सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) टाका. काही अडचणी हमखास येतात.

अपेक्षित आउटपुटनंतर लगेच ``` आलं तर डॉकटेस्ट त्यालाही आउटपुट समजतं, म्हणून मध्ये एक रिकामी ओळ सोडा. मॅच झाला नाही तर नन परत येतं आणि नन काहीच छापत नाही, म्हणून तुलना लिहून ‘ट्रू’ आलेलं दाखवा. मॅच ऑब्जेक्ट तसाच छापू नका, ३.७ मध्ये त्याचं छापील रूप बदललं होतं. ग्रुप किंवा स्पॅन दाखवा. उदाहरण डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमधल्या माहितीच्या स्ट्रिंगमध्ये) असेल तर ती रॉ ठेवा (आधी आर लावून), नाहीतर शब्दसीमेच्या बॅकस्लॅश-बी चं बॅकस्पेस होतं.

सपोर्ट असलेलं सर्वांत जुनं आणि सर्वांत नवं, अशा दोन्ही पायथनवर चालवा. फरक खरेच पडतात. ‘अबखड’ मध्ये ‘ख*’ च्या जागी ‘-’ घातलं तर ३.६ पर्यंत ‘-अ-ब-ड-’ यायचं, ३.७ पासून ‘-अ-ब--ड-’ येतं. पॅटर्नच्या मधेच लिहिलेले ग्लोबल (अख्ख्या पॅटर्नला लागू होणारे) फ्लॅग ३.११ पासून थेट एरर आहेत.

वॉर्निंगना एरर करणारा पर्यायही लावाच, कारण डॉकटेस्ट वॉर्निंगमुळे नापास होत नाही. बदली करणाऱ्या सब फंक्शनला चौथा आर्ग्युमेंट म्हणून इग्नोरकेस (लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करणारा फ्लॅग) देणारी उदाहरणं सगळीकडे सापडतात. ती जागा काउंटची आहे आणि त्या फ्लॅगची किंमत २, म्हणून फक्त पहिल्या दोन जागा बदलतात. ३.१३ पासून याला डेप्रिकेशन वॉर्निंग मिळते.

गो मध्ये एक्झाम्पल फंक्शनखाली ‘आउटपुट’ची कॉमेंट असेल तरच ते चालवून तपासलं जातं. नसेल तर नुसतं कंपाइल होतं.

लिंटर_आणि_लेखणी:
दोघांचेही आभार. मराठी नावांच्या व्हॅलिडेशनसाठी पानावर बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं कुठलंही अक्षर) दिलंय. पायथनमध्ये ते यूनिकोड आहे, मग ठेवू ना?

इंजिनघर:
नको. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये काना, वेलांटी, अनुस्वार बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये बसत नाहीत, कारण ते इझ-अल्नम (अक्षर किंवा अंक आहे का) या कसोटीवर ठरतं. ‘मराठी’ चे तुकडे होतात: ‘मर’ आणि ‘ठ’. शब्दसीमाही त्याच हिशेबानं मोडते. ‘रेजेक्स’ हे वेगळं इन्स्टॉल करायचं मॉड्यूल यूनिकोडचे अक्षर आणि मार्क हे दोन्ही गट समजतं. जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅगसह हेच गट मिळतात.

पण तेवढ्यानंही भागत नाही. ‘कुऱ्हाडे’ दोन प्रकारे टाइप होतं: ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे. ते जोडचिन्ह अक्षर नाही आणि मार्कही नाही, म्हणून दुसरं रूप नापास होतं. एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगळी कोड-रूपं एक करण्याच्या यूनिकोडच्या पद्धतीनं) ही दोन रूपं एक होत नाहीत. दोन्ही रूपं उदाहरणांत ठेवा, आणि चाचणीत ती एस्केप कोडनं लिहा. डोळ्यांना फरक दिसत नसल्यानं पुढचा माणूस ‘एकच ओळ दोनदा आलीय’ म्हणून एक काढून टाकेल.

धीमा_पॅटर्न:
वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. प्रत्येक उदाहरणाला न जुळणारं लांब इनपुटही जोडा. ‘(अ+)+$’ ला तीस ‘अ’ आणि शेवटी ‘ब’ द्या: बॅकट्रॅकिंग करणाऱ्या (मागे येऊन दुसरे पर्याय तपासणाऱ्या) इंजिनात दर वाढीव अक्षरागणिक काम साधारण दुप्पट होतं. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर २७ मिनिटं कोलमडलं ते फायरवॉलमधल्या अशाच बॅकट्रॅकिंगनं. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद होतं. तिथे पॅटर्न फक्त कडेच्या मोकळ्या जागा काढणारा होता आणि इनपुटमध्ये सलग २०,००० मोकळ्या जागा होत्या.

पायथनच्या मूळ मॉड्यूलला टाइमआउट नाही. ही चाचणी वेगळ्या प्रोसेसमध्ये टाइमआउट लावून चालवा, नाहीतर सीआयच अडकून बसेल. उपाय म्हणून अ‍ॅटॉमिक ग्रुप किंवा पझेसिव्ह क्वांटिफायर (दोन्ही एकदा जुळलेला भाग परत सोडत नाहीत) दाखवणार असाल तर शेजारी ३.११ लिहा, ३.१० वर तो पॅटर्न कंपाइलच होत नाही.