डब्यातला मटार खरंच निःसत्त्व असतो का?

हिरवीमिरची: "डबाबंद भाजी म्हणजे निव्वळ चोथा" हे सर्रास ऐकू येतं. मटाराच्या बाबतीत तरी मला ते साफ चुकीचं वाटतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या मटारात ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, डब्यातल्या निथळलेल्या मटारात जेमतेम १०. एवढं वाचून लोक निकाल लावतात. पण डब्यातला मटार आधीच शिजलेला असतो! ताजा मटार उकडून निथळला की त्याच तक्त्यात १४ उरतात. म्हणजे फरक फक्त ४ मिलिग्रॅमचा. प्रथिनंही ५.४ ग्रॅमच्या जागी ४.४ ग्रॅम, म्हणजे अगदीच नगण्य नाहीत.

रानमेवा: "उकडून निथळला" इथेच तर गोम आहे. आपण मटाराचं पाणी ओततो कधी? उसळ असो की मटारभात, पाण्यात उतरलेलं क आणि ब पोटातच जातं. डब्यातलं पाणी मात्र मिठामुळे ओतावंच लागतं. निथळूनही १०० ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम राहतं, ताज्यात ते ५ असतं. शिवाय ब१ जीवनसत्त्व बघा: ताज्या उकडलेल्यात ०.२६ मिलिग्रॅम, डब्यातल्यात ०.१२. निम्म्याहून जास्त गेलं, आणि ते बरंचसं उष्णतेनं गेलं. वर तोच मटार तुम्ही पुन्हा फोडणीत परतणार.

हिरवीमिरची: ती उष्णता टाळता येत नाही. मटार आंबट नसतो, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या वर. अशा बंद डब्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. (बरणीत मटार भरून घरी उकळण्याचा प्रयोग म्हणूनच कुणी करू नये.) एकदा सील झालं की आत प्राणवायू जवळपास नसतो, पुढचे कित्येक महिने घट अगदी थोडी. आणि तुमचा "ताजा" कितव्या दिवसाचा? पावसाळ्यात पुरंदरचा मटार पुण्यात लगेच पोचतो. हिवाळ्यात जबलपूरकडून येणारा वाटेत किती तापतो?

रानमेवा: शेंगेतला मटार तेवढा नाजूक नाही. ४ अंशांवर आठवडाभरात क साधारण १५ टक्के घटतं. तुमचा मुद्दा फरसबी-पालकाला लागू होतो, तिथे तेवढ्याच काळात तीन चतुर्थांश जातं. गाडीवर सोलून ठेवलेले दाणे मात्र घेऊ नयेत.

चूलबोळकी: तुम्ही दोघं हिरव्या मटाराबद्दल बोलताय. डब्यावरचे घटक वाचा. पुष्कळदा आत वाळलेले वाटाणे भिजवून शिजवलेले असतात आणि वर खाद्यरंग. डबाबंद मटारात रंग घालायला कायद्यानं परवानगी आहे. अशा वाटाण्यात प्रथिनं, तंतुमय चोथा मिळेल, क विसरा.
हंगामात गोठवून ठेवणं दोन्हींपेक्षा बरं. अर्धा किलो दाण्यांना ४ लिटर पाणी, खळखळ उकळल्यावरच दाणे टाकायचे, दीड मिनिटात काढून बर्फाच्या पाण्यात. पाणी कमी घेतलंत तर ते थंडावतं आणि पुन्हा उकळेपर्यंत दाणे शिजून सालं सुटतात. मग कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात एका थरात गोठवा आणि नंतरच पिशवीत भरा, नाहीतर ढेप होते. उकळवणं वगळू नका: दाण्यातली एन्झाइम्स गोठल्यावरही संथपणे काम करत राहतात आणि काही आठवड्यांत वाळल्या गवतासारखा वास मारतो. वापरताना वितळवायचं नाही, थेट फोडणीत टाकायचे.

हिरवीमिरची: गोठवलेलाही उकडून निथळला की क १० वरच येतो हो! ब१ टिकतं, ते मान्य. आणि टोमॅटोचं काय? डब्यातल्या प्युरीत उष्णतेनं पेशी फुटलेल्या असतात, तेलात परतली की तिच्यातलं लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) कच्च्या टोमॅटोपेक्षा अंगी जास्त लागतं.

रानमेवा: टोमॅटोचं कबूल, पण तो आंबट, त्याला १२१ अंश लागतच नाहीत. मटाराचा डबा उघडलाच तर दाणे चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, सोडियम आणखी थोडं उतरतं. त्याबरोबर थोडंफार क पण वाहून जातं, आणि ते तुमच्या १० मध्ये धरलेलं नाही.