बर्फ ढकलायचा आणि ट्रेलवरही जायचं: एटीव्ही गिअरची की बेल्टची?

हिमरेषा
उत्तर मिनेसोटात, डुलुथ ते हिबिंग पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. डुलुथला हिवाळाभरात सरासरी ८५ ते ९० इंच बर्फ पडतो. २०० फूट लांब आणि १० फूट रुंद खडीचा ड्राइव्हवे धरा. एका रात्रीत ६ इंच पडला की १,००० घनफूट बर्फ झाला. कोरडा, भुरभुरीत असेल तर साधारण ३ टन. मार्चमधला ओला असेल तर ९-१० टन. हे ओझं पुढे लावलेल्या पात्याने ढकलणारी एटीव्हीच (चार जाड चाकांची, रानवाटांवरची मोकळी गाडी) पुढे सप्टेंबरात ट्रेलवर न्यायची आहे.

माझं मत स्पष्ट आहे: गिअरवाली घ्या, म्हणजे होंडाची रँचर ४२० किंवा फोरमन ५२०. बर्फ ढकलताना वेग कमी आणि भार जास्त असतो, आणि सीव्हीटीच्या (गिअरऐवजी दोन पुल्यांवर फिरणारा बेल्ट असलेल्या यंत्रणेच्या) बेल्टला नेमकं हेच सोसत नाही. इंजिन हळू फिरत असताना पुढच्या पुलीच्या थाळ्या बेल्टला घट्ट आवळत नाहीत. बेल्ट घसरतो, तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग तो आणखी घसरतो. शिवाय भुरभुरीत बर्फ सीव्हीटीच्या हवेच्या नळीतून आत ओढला जातो आणि तिथे वितळतो. ते पाणी रात्री गोठलं की सकाळी बेल्ट पुलीला चिकटलेला असतो. तशात रेस दिली तर बेल्ट एका जागी खरवडला जातो. होंडात हा प्रश्नच नाही. गिअर, शाफ्ट आणि तेलात फिरणारा क्लच, बस.

मागचा अ‍ॅक्सल सॉलिडच, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडाच घ्या. रॅकवर वजन ठेवलं तरी मागची बाजू फारशी बसत नाही आणि मागे फाटायला सीव्ही जॉइंटचे (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या लवचिक सांध्याचे) रबरी बूटही नसतात.

उत्तरकिनारा
असहमत. वर्णन केलंत ते बेल्टचं नाही, चुकीच्या रेंजमध्ये चालवलेल्या बेल्टचं. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरजोडी) टाकली की त्याच वेगाला इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं, थाळ्या आवळल्या जातात, बेल्ट घसरत नाही. नियम साधा आहे: पातं खाली असेल तर लो, नेहमी. बेल्ट जळतात ते बहुतेक हाय रेंजमध्ये ढिगाऱ्यात घुसून थ्रॉटल दाबून धरल्यामुळे.

सगळ्या सीव्हीटी सारख्या नसतात, हेही लक्षात घ्या. यामाहाच्या कोडियाक आणि ग्रिझली ७०० मध्ये बेल्टवर ताण कायम असतो. गाडी सुटताना घसरण्याचं काम बेल्टला करावं लागत नाही, ते तेलातला सेंट्रिफ्युगल क्लच (फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा) करतो. सोबत स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने पकडणारा) असल्यामुळे उतारावर इंजिन ब्रेकिंगही मिळतं. म्हणजे होंडातला जो गुण तुम्ही सांगता, त्यातला बराचसा इथे आहेच.

उलट रँचरला वेगळी लो रेंज नाही. पहिला गिअर बराच खालचा आहे हे मान्य, पण ओल्या बर्फाच्या ढिगापुढे क्लच घसरवत उभं राहावं लागतं. दुसरी बाब रिव्हर्सची. ड्राइव्हवे साफ करताना पुढे-मागे पन्नास-साठ वेळा करावं लागतं. होंडात दर वेळी आधी न्यूट्रल, मग ब्रेकसोबत रिव्हर्सचा खटका, आणि हे सगळं जाड हातमोजे घालून.

बर्फ आत गेलाच, तर काम संपल्यावर न्यूट्रलमध्ये दोन-चार मिनिटं रेस कमीजास्त करत बेल्ट वाळवा आणि क्लच कव्हरचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढा. हे केल्याशिवाय गाडी गॅरेजात लावू नका.

हिमरेषा
लो रेंजचा मुद्दा मान्य. रँचरचं नाव मी सरसकट घेतलं, ते फक्त हलक्या, कोरड्या बर्फासाठी आणि छोट्या ड्राइव्हवेसाठी धरा. ओढण्याची क्षमताही बोलकी आहे: रँचर ८४८ पौंड, फोरमन ५२० आणि कोडियाक ७०० दोन्ही १,३२२ पौंड. लाकडाची ट्रॉली ओढायची असेल तर रँचर तोकडी पडते.

पण "नियम साधा आहे" याच्याशी नाही पटत. घरात तिघं चालवणार असतील, तर एखादा हाय रेंजमध्ये ढकलणारच. गिअरची गाडी ही चूक सोसते, बेल्ट सोसत नाही. रिव्हर्ससाठी पुढे जाताना पहिल्याच गिअरात राहा, म्हणजे न्यूट्रल एकाच टप्प्यावर येतं. सवयीने हात आपोआप बसतो.

पातं_साठ
तुम्ही दोघं इंजिनावरून भांडताय आणि गाडी अडते ती पात्यामुळे. एटीव्हीची रुंदी ४७-४८ इंच. पातं ३० अंश तिरकं केलं की ते प्रत्यक्षात किती रुंद साफ करतं, हे मोजा:

५० इंची पातं: ४३ इंच
५४ इंची पातं: ४७ इंच
६० इंची पातं: ५२ इंच

म्हणजे ५० इंची घेतलंत तर बाहेरच्या बाजूची चाकं न काढलेल्या बर्फातच चालतात. बर्फ दबून त्याचा गोठलेला थर होतो आणि पुढच्या फेरीला पातं त्यावर उड्या मारतं. ५०० सीसीच्या आसपास ६० इंची हाच मध्यम मार्ग. ७२ इंची मोह टाळा. ओल्या बर्फात ते ढकलायला वजन पुरत नाही, चाकं जागीच फिरतात.

खडीवर जमीन पूर्ण गोठेपर्यंत स्किड शू (पात्याखालचे टेकू) पात्याच्या कडेपेक्षा अर्धा ते पाऊण इंच खाली ठेवा, नाहीतर अर्धी खडी लॉनमध्ये जाते. पहिल्या दोन-तीन वादळांत बर्फ कडेपासून चार-पाच फूट पलीकडे ढकला. डिसेंबरातला ढीग एकदा गोठला की जागचा हलत नाही, आणि फेब्रुवारीत ड्राइव्हवे अरुंद झालेला असतो. १० इंच साचायची वाट बघू नका, दर ४ इंचांना एक फेरी मारा. आणि बर्फ सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे ढकलणं मिनेसोटात बेकायदा आहे.

विंचने (दोरी गुंडाळणाऱ्या मोटरने) पातं उचलणार असाल तर एक खबरदारी घ्या. स्टीलची दोरी त्याच दोन फुटांत शेकडो वेळा वाकते आणि तार तुटायला लागते. तेवढ्या कामासाठी सिंथेटिक दोरीचा छोटा तुकडा लावा. पातं वर टेकल्यावर बटण दाबून धरू नका; दोरी तुटते नाहीतर मोटर जळते.

वाटाड्या५०
ट्रेलची बाजू कुणीच मांडली नाही. सॉलिड अ‍ॅक्सल बर्फ ढकलायला छान, पण आयर्न रेंजमधल्या (हिबिंगभोवतीच्या लोखंडाच्या खाणपट्ट्यातल्या) दगडाळ ट्रेलवर एक चाक दगडावर चढलं की मागची अख्खी बाजू तिरकी होते. दोन तासांत कंबर बोलायला लागते. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं) गाडीखाली मधली जागा जास्त मिळते आणि चाकं जमीन सोडत नाहीत. वर्षातले पंधरा-वीस दिवस बर्फ आणि चाळीस दिवस ट्रेल असं गणित असेल, तर बर्फासाठी ट्रेलचं सुख का सोडायचं? सस्पेन्शन बसतं म्हणता, तर मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) वाढवा. दोन मिनिटांचं काम.

रुंदी ५० इंचांच्या आत ठेवा. मिनेसोटात क्लास १, म्हणजे अरुंद एटीव्हींचा वर्ग, तिथे संपतो. व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून त्यापलीकडे गेलात की काही अरुंद ट्रेल बंद होतात. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना सार्वजनिक जमिनीवर चालवण्याआधी सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणि हिवाळ्यात स्नोमोबिलसाठी तयार केलेल्या ट्रेलवर पाटी नसेल तर एटीव्ही नेऊ नका. चाकांचे चर गोठतात आणि मागून वेगात येणाऱ्या स्नोमोबिलस्वाराला ते धोक्याचे ठरतात.

हिमरेषा
मागच्या सस्पेन्शनचं पटलं. फोरमनऐवजी रुबिकॉन ५२० बघा मग: गिअरही आणि इंडिपेंडंट सस्पेन्शनही. किंमत वाढते, पण तडजोड कमी होते.

चूटवाले
मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. २०० फुटांसाठी २८ इंची दोन टप्प्यांचा स्नो ब्लोअर घ्या आणि एटीव्ही ट्रेलपुरती मोकळी ठेवा. ब्लोअर बर्फ लांब फेकतो, म्हणून कडेला ढिगाची भिंतच होत नाही. पात्याच्या धक्क्यांनी गाडीची फ्रेम, पुढचे बुश आणि स्टीअरिंगचे जॉइंट झिजतात, ते वाचतं.

पातं_साठ
काँक्रीटवर तुमचं खरं. खडीवर ब्लोअर दगड फेकतो, त्यामुळे शिअर पिना (यंत्र वाचवायला आधी तुटणाऱ्या) तुटतात. गाडी आणि खिडकी जवळ असेल तर विचारूच नका. मार्चच्या ओल्या बर्फाने चूट (बर्फ फेकणारी नळी) गच्च होते आणि दर दहा फुटांना थांबून दांडक्याने मोकळी करावी लागते. धक्क्यांचं म्हणाल, तर ताशी ८ किमीच्या आतल्या वेगाने आणि ट्रिप स्प्रिंग (अडथळा लागला की पातं झुकू देणारी) नीट ताणून चालवलं तर फ्रेमला काही होत नाही.

सहा_पीएसआय
दोन गोष्टी सुटल्या, आणि सकाळी गाडी न हलण्याचं कारण बहुधा त्यातलीच एक असते.

पहिली टायरची हवा. एटीव्हीच्या टायरात हवा इतकी कमी असते की थंडीचा परिणाम मोठा होतो. २० अंश सेल्सिअसच्या गॅरेजात ५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचं माप) भरली आणि बाहेर उणे २० असेल, तर उरते जेमतेम २.३. ७ भरली तर ४. मग पात्याच्या भाराने टायर रिमवरून सुटतो आणि त्यात बर्फ शिरतो. हवा बाहेर, थंड टायरवर मोजा आणि ० ते १० चा गेज वापरा. साधा कारचा गेज एवढ्या खाली विश्वासाचा नाही. बर्फ ढकलण्यापुरती एखादा पीएसआय जास्त ठेवा, ट्रेलला जाताना मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. चेन लावायच्या तर आधी मागे. पुढे लावल्यात तर ब्रेकच्या नळीपासून अंतर हाताने चाक फिरवून तपासा.

दुसरी बॅटरी. बर्फ ढकलताना इंजिन हळू फिरतं, म्हणून चार्जिंग कमी होतं. तेव्हाच विंच दर फेरीला दोनदा करंट ओढतो, वर गरम ग्रिप आणि दिवे. काम संपतं तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, रिकामी मात्र उणे १० च्या आसपास गोठून फुटते. दर वेळी मेंटेनर चार्जर लावा. लिथियम बॅटरी हलकी म्हणून घेणाऱ्यांनी ती शून्याखाली चार्ज करू नये.

उत्तरकिनारा
बॅटरीबद्दल पूर्ण सहमत. एक जोड देतो: दहा मिनिटं चालवून गाडी बंद करू नका. इंजिन पुरेसं तापलं नाही की ओलावा आणि पेट्रोल तेलात मुरतं, डिपस्टिकवर दुधाळ थर दिसतो. अर्धा तास तरी चालवा आणि तेलाचा ग्रेड मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यावरून निवडा.

वाटाड्या५०
तळ्यावर जाणाऱ्यांसाठी: एटीव्हीला किमान ५ ते ७ इंच स्वच्छ, निळसर, नवा बर्फ लागतो. पांढरा, दुधी बर्फ निम्माच मजबूत असतो, तिथे आकडा दुप्पट धरा. ६० इंची पातं गाडीला लावलेलं असेल तर ते काढूनच तळ्यावर उतरा.